डंभा टाळायचा कसा : मेळघाटातील आशा, अंगणवाडी सेविका आणि नव्या आईबापांसाठी

मेळघाटात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत, तान्ह्या बाळाचे पोट फुगले, ते रडायचे थांबेना किंवा त्याला धाप लागली, की विळा चुलीत तापवून त्याच्या पोटावर चटके देण्याची जुनी रीत आहे. तिला डंभा म्हणतात. चटके कधी भुमका, म्हणजे कोरकू आदिवासींचा पुजारी-वैदू, देतो, कधी गावातली जाणती बाई देते आणि पुष्कळदा घरातली आजीच देते. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचे उघड झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘अघोरी’ हा शब्द ठळक अक्षरांत छापला. तो शब्द चुकीचा नाही, परंतु गावात काम करणाऱ्याच्या तो फारसा उपयोगाचा नाही, कारण ज्या हाताने चटका दिला जातो तो हात बहुधा त्या बाळावर जीव टाकणाऱ्या माणसाचाच असतो.

डंभा दुष्टाव्यातून दिला जात नाही, तर घाबरलेल्या घराला रात्री दुसरे काही करण्यासारखे दिसत नाही म्हणून दिला जातो, असे हे मार्गदर्शन लिहिताना गृहीत धरले आहे. म्हणून ‘डंभा देऊ नका’ एवढे सांगून थांबल्यास तो थांबत नाही. त्या रात्री आजीने विळ्याऐवजी काय करावे आणि कोणाला हाक मारावी, हे आधीच ठरलेले असावे लागते.

डंभा ‘लागू पडला’ असे का वाटते

समजावण्यापूर्वी समोरच्या माणसाचा अनुभव समजून घ्यावा, कारण आजी खोटे बोलत नसतात. नवजात बाळाच्या पोटाचे स्नायू सैल असतात, ते श्वासही पोटानेच घेते आणि दूध पिताना दुधाबरोबर हवा गिळते. त्यामुळे पाजल्यावर त्याचे पोट गोल व टणटणीत दिसणे हे बहुतेक वेळा निरोगीपणाचेच असते. जन्मतःच अडीच किलोपेक्षा कमी वजन भरलेल्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की पोटावरच्या निळसर शिरा उठून दिसतात, आणि ज्यांना बारके बाळ पाहून आधीच धास्ती बसलेली असते त्यांना त्या शिरा आजाराचीच खूण वाटतात. हा वायू काही तासांत आपोआप सरतो. मधल्या वेळात चटके दिलेले असले, तर श्रेय विळ्याला जाते.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. चटके बसल्यावर बाळ आकांत करते, आणि त्या आकांताने त्याची शक्ती संपली की ते निपचित पडते. घरातल्यांना ती झोप वाटते. ‘बघा, आराम पडला’ असे म्हणत दिवा मंद केला जातो, आणि वास्तविक वेदनेने थकलेले ते लेकरू अंगावर प्यायलाही उठत नाही. जी बाळे त्यातून दगावतात त्यांच्याबद्दल ‘डंभा द्यायला उशीर झाला’ असे सांगितले जाते. म्हणजे बाळ वाचले तरी डंभा खरा आणि गेले तरी डंभा खराच. ही गोष्ट आजींना टोमणा न मारता एखाद्या निवांत दुपारी उलगडून सांगता आली, तर ती त्यांना पटते, कारण हिशेब सरळ आहे.

भाजल्याने नेमके काय होते हेही जवळून पाहावे. नवजाताची त्वचा मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा कितीतरी पातळ असल्याने विळ्याचा क्षणभराचा स्पर्शही खोलवर जातो. जखमेतून अंगातले पाणी झरते, ऊब निघून जाते आणि जंतूंना थेट रक्तात शिरायला वाट मिळते. परंतु याहून एक साधी गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. आई बाळाला पाजायला घेते तेव्हा बाळाचे पोट तिच्या पोटाला टेकते, आणि जखम नेमकी तिथेच असते. प्रत्येक वेळी छातीशी धरताच बाळ किंचाळते, आई बिचकून त्याला दूर धरते, दूध नीट ओढले जात नाही, आणि दोन दिवसांत बाळाचे वजन उतरू लागते. बारक्या बाळाला छातीशी उघड्या अंगाने बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धत त्याला जगवू शकते, पण पोटावर जखमा असल्या की तीही अवघड होऊन बसते.

‘हे तर आपल्या आयुर्वेदातलेच आहे’ असे एखादा शिकलेला नातेवाईक मध्येच म्हणतो. त्याला उत्तर द्यायचे असेल तर ते आयुर्वेदातूनच द्यावे : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्माचा विधी सांगितला आहे, आणि अग्निकर्म कोणावर करू नये याची जी यादी तिथे दिली आहे तिच्यात बालक स्पष्टपणे येते.

सातव्या महिन्यापासून सुरुवात करावी

बाळ जन्मल्यावर, त्यातही ते आजारी पडल्यावर, डंभ्याचा विषय काढणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणे होय. गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यात असतानाच्या गृहभेटीत हा विषय निघाला पाहिजे, आणि तो तिच्याशी एकटीशी काढू नये. घरात निर्णय कोण घेते हे प्रथम ओळखावे. बहुतेक घरांत ती सासू असते, काही घरांत सासरा किंवा नवऱ्याचा मोठा भाऊ असतो, आणि पहिले बाळंतपण माहेरी होणार असेल तर ती व्यक्ती दुसऱ्याच गावात राहते. तसे असल्यास त्या गावच्या आशाताईंना आधीच कळवून ठेवावे. सुनेला सगळे पटलेले असते आणि रात्री तिच्या मताला किंमत नसते, ही चूक आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली आहे.

बोलण्याची सुरुवात विचारण्यापासून करावी. ‘आजी, तुम्ही आजवर किती लेकरं न्हाऊ-माखू घातली? पोट फुगलं की तुमच्या वेळी काय करत होते?’ असे विचारले की त्या सांगतात, आणि सांगता सांगता एखाद्या न जगलेल्या लेकराचीही गोष्ट निघते. तिथे थांबावे व ऐकून घ्यावे. लगेच चूक काढल्यास त्या पुढच्या वेळी काहीच सांगणार नाहीत. त्यानंतर ‘तेव्हा गाडी नव्हती, दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता, आता बाळाची तब्येत बिघडली तर तुम्ही मला हाक मारा, रात्री असली तरी मी येते’ असे म्हणावे, आणि हे वाक्य म्हणायचे असेल तर ते पाळावेही. ज्या घरी कोरकूच बोलली जाते तिथे मराठीतून दिलेले व्याख्यान वाया जाते. गावातली कोरकू बोलणारी एखादी बाई बरोबर न्यावी, शक्यतो आजीच्याच वयाची.

याच भेटीत एक व्यवहाराची गोष्ट उरकावी. मेळघाटातल्या पुष्कळ गावांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून गावात नेमकी कुठे उभे राहिल्यावर फोन लागतो, रात्री तिथपर्यंत कोण जाईल, १०८ ची गाडी वेळेत न आल्यास कोणाची गाडी मिळेल आणि नदीनाल्याला पूर असला तर कोणत्या वाटेने निघायचे, हे घरातल्या पुरुषांकडून वदवून घ्यावे. १०८ ही तातडीची आणि १०२ ही माता-बालकांसाठीची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात तपासणी, औषधे आणि नेआण यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. हे वेगळे सांगावे लागते, कारण ‘दवाखान्यात गेलो तर खर्च किती’ हा प्रश्न मनात असूनही बोलून दाखवला जात नाही.

पहिले बेचाळीस दिवस

रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते, आणि घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही. दोन भेटींमध्ये आठवडा-आठवडा जातो, आणि पोट फुगण्याची तक्रार नेमकी या मधल्या दिवसांतच उभी राहते. म्हणून बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, आधीच्या भावंडाच्या पोटावर डंभ्याच्या खुणा असतील किंवा आधीचे बाळ दगावलेले असेल, तर अशा घरी जास्तीच्या भेटी द्याव्यात. पाणी भरायला जाता-येता पाच मिनिटे डोकावले तरी चालते.

साध्या पोटफुगीवर आजींच्या हाताला काम द्यावे. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून पाठीवरून हलका हात फिरवत ढेकर काढायचा. ढेकर आला नाही तरी दहा मिनिटे तसेच धरायचे. बाळ उताणे असताना त्याचे दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून हळूहळू पोटाकडे न्यायचे व सोडायचे. आईच्या किंवा आजीच्या उघड्या छातीवर बाळाला पालथे घेऊन वरून दुपटे पांघरायचे, मात्र घेणाऱ्याने जागे राहायचे. पाजताना बाळाच्या तोंडात केवळ बोंडीच नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही बराचसा गेला पाहिजे, कारण तोंड नीट न लागलेले बाळ दुधापेक्षा हवाच अधिक गिळते. डंभ्यातही करणारी आजीच असते आणि इथेही तीच राहते, त्यामुळे तिचा मान कुठे कमी होत नाही. गुटी, मध, साखरपाणी किंवा साधे पाणीसुद्धा सहा महिने देऊ नये. पोट फुगण्याचे कारण पुष्कळदा यांतच असते, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा डंभा येतो.

चीक टाकून देणे, नाळेला शेण किंवा राख लावणे, डोळ्यांत काजळ घालणे याही गोष्टी घातकच आहेत आणि त्या त्या भेटीत सांगाव्यातच; इथे मात्र विषय पोटाचा आहे.

श्वास मोजायला शिकावे व शिकवावे

ज्याला घरातले ‘पोट उडते’ म्हणतात ते बऱ्याचदा पोटाचे दुखणे नसून न्यूमोनिया असतो. अशा बाळाला डंभा दिला, की जखम आणि उशीर ही दोन्ही संकटे एकाच वेळी येतात. हे ओळखण्यासाठी घड्याळ आणि धीर एवढेच लागते. बाळ शांत असताना, ते दूध पीत नसताना, झबले वर करून पोटाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले तर थोडे थांबून पुन्हा मोजावेत, आणि दुसऱ्यांदाही तितकेच भरले तर निघावे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५० आहे. विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने मणी आणि वाळूचे घड्याळ असलेला साधा श्वासमापक वापरून अल्पशिक्षित आणि निरक्षर माणसांनाही न्यूमोनिया ओळखायला शिकवले होते, तेव्हा आजींना अंक येत नाहीत ही सबब पुरेशी नाही. त्यांच्या हाती दहा-दहा चिंचोके द्यावेत, दर श्वासाला एक बाजूला टाकायला सांगावा आणि मिनिट तुम्ही सांगावे.

श्वासाखेरीज ज्या खुणा दिसताच वाट पाहू नये त्या या : बाळ दूध ओढत नाही किंवा ओढायचे थांबले आहे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जातो, झटके येतात, हलवल्याशिवाय हातपाय हलत नाहीत, अंग तापले आहे किंवा गार पडले आहे, म्हणजे काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक, अथवा ३५.५ अंशांहून कमी आहे. पोटाच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. उलटी हिरवी असेल, शीतून रक्त पडत असेल किंवा फुगलेले पोट ताठ होऊन हात लावताच बाळ कळवळत असेल, तर आतड्याला पीळ पडण्यासारखे कारण असू शकते, आणि त्यात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. जन्मल्यानंतर पहिल्या २४ तासांत काळी शी झालीच नसेल तरीही दाखवून घ्यावे. नेताना बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून, डोक्याला टोपडे घालून न्यावे आणि ते पीत असेल तर वाटेत पाजत राहावे.

डंभा देऊन झाला असेल तर

बहुतेक वेळा आपल्याला कळते तेव्हा तास उलटलेले असतात किंवा दिवस. तेव्हा रागाचा पहिला शब्द गिळून टाकावा. घरच्यांना ओरडा बसला की ते बाळाला झबल्याखाली झाकतात, दार लावून घेतात आणि दवाखान्याचा विषयच संपतो. बाळाला बाहेर काढायचे असेल तर त्या घटकेला आजीशी भांडण परवडत नाही.

भाजणे ताजे असेल तर भाजलेल्या जागेवरच स्वच्छ, साधे गार पाणी हळू धारेने सोडत राहावे, बाकीचे अंग उबदार कपड्यात गुंडाळलेले असावे, आणि बाळाचे हातपाय थंड पडू लागल्यास पाणी थांबवावे. बर्फ लावू नये. त्यावर धुतलेले, वाळलेले सुती कापड सैल पांघरावे. हळद, तेल, राख, शेण, पाला, दातमंजन यांपैकी काहीही लावू नये, आणि फोड फोडू नयेत. जखम लहान दिसली तरी महिन्याच्या आतल्या बाळाला रुग्णालयात न्यायचेच, प्राथमिक आरोग्य केंद्रातून आवश्यक वाटल्यास पुढे धारणीला किंवा अमरावतीला. तिथल्या डॉक्टरांना चटके कशाने दिले, कधी दिले आणि मुळात बाळाला काय होत होते म्हणून दिले, या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. सगळे जखमेकडे पाहतात आणि ज्या धापेपायी विळा तापवला गेला ती तशीच राहते. आईला गरोदरपणी धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले होते की नाही तेही आठवून सांगावे.

भुमका, बिब्बा आणि कायदा

भुमक्याला वगळून हे काम होत नाही. लोक त्याच्याकडे केवळ औषधासाठी जात नाहीत. पूजा, सण, घरातले तंटे या सगळ्यांत त्याचा शब्द चालतो. त्याला ‘तुमचे सगळे खोटे’ असे सांगण्यापेक्षा, पूजा-मंत्र करायचा तर करा, पण लोखंड लावू नका आणि बाळाला गाडीत बसवून द्या, एवढीच मागणी करावी. दवाखान्यातून बरे होऊन आलेले बाळ पहिल्यांदा त्याला नेऊन दाखवावे. काहींना ही तडजोड वाटेल. मला ती तशी वाटत नाही, कारण बाळ वेळेत पोहोचते.

एक धोका मात्र लक्षात असू द्यावा. लोखंडाचा बोभाटा झाला की काही घरांत त्याची जागा बिब्बा घेतो. बिब्ब्याचे तेल लावल्याने आग दिसत नाही, परंतु त्वचा जळते, फोड येतात आणि तान्ह्या बाळाच्या पोटावर ती जखम विळ्याइतकीच वाईट असू शकते. कामात मोडता घालण्याला मराठीत ‘बिब्बा घालणे’ म्हणतात, ते उगीच नाही. म्हणून सांगताना ‘विळा नको’ असे न म्हणता ‘बाळाच्या अंगाला भाजणारे, चरचरणारे काहीच नको’ असे म्हणावे.

कायदा आहे आणि तो कडक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालील गुन्ह्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो, हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, आणि त्यासाठी दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक नेमलेले असतात. भूतपिशाच्च उतरवण्याचे निमित्त करून किंवा पैसे घेऊन गावोगाव चटके देत फिरणारा कोणी असेल, तर तक्रार करायला कचरू नये; १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवता येते. बालकाशी क्रूर वागण्याबद्दल बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ आहेच. परंतु प्रत्येक घाबरलेल्या आजीवर पहिले पाऊल पोलिसांचे पडले, तर पुढचा डंभा आणखी आतल्या खोलीत होईल. क्रम ठरवावा : आधी बाळ रुग्णालयात, नंतर नोंद, आणि कारवाईचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून. रुग्णालयातून पोलिसांना कळवले जाऊ शकते, हे घरच्यांपासून लपवू नये. नंतर कळले तर तुमच्यावरचा विश्वास उडतो.

पुष्कळ कुटुंबे खरीप आटोपल्यावर मजुरीसाठी मैदानात किंवा शहरांकडे उतरतात. बाळ तेव्हा महिना-दीड महिन्याचे असेल, तर त्याच्या भेटी तिथेच तुटतात, आणि वीटभट्टीवरच्या किंवा बांधकामावरच्या झोपडीत पोट फुगलेल्या बाळाजवळ पुन्हा विळा आणि चूल एवढेच उरते. निघण्यापूर्वी माता-बाल कार्डावर आपला क्रमांक मोठ्या अंकांत लिहून द्यावा, जिथे जाणार त्या गावाचे नाव लिहून घ्यावे आणि धोक्याच्या खुणा आजीकडून एकदा म्हणवून घ्याव्यात. होळीला माणसे गावी परततात. फगव्याच्या गडबडीतही त्या पहिल्याच आठवड्यात बाळाचे वजन करावे, आणि ते झबले उतरवूनच करावे, म्हणजे पोट दिसते.